दिलावरभाईंची दुपारची झोप

दिलावर मनियार झोपेत घोरत नसत. हे मी छातीठोक सांगते, कारण त्यांची आणि आमची भिंत एकच. घोरणारा गडी आमच्या घरात आहे, आणि तो भिंतीपलीकडेही ऐकू जातो अशी तक्रार जरीनानं माझ्याकडे कितीदा तरी हसत हसत केलेली आहे. दिलावरभाई उलट गप्प होत. झोपले की मध्येच एकदम गप्प. श्वाससुद्धा गप्प. तेच त्यांचं दुखणं होतं आणि त्यातच ते गेले.

मी शोभा. नगरकडच्या कर्जतला शाळेत कारकुनी करून निवृत्त झाले. तोंडानं फटकळ आहे, हे सगळ्या पेठेला माहीत आहे, तेव्हा उगाच लपवत बसत नाही. दिलावरभाईंबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. बांगड्या विकणाऱ्या माणसावर कोण कशाला लिहील? पण ते गेल्यावर बाजारात जो तो म्हणायला लागला, "मशीन लावलं होतं म्हणे, तरी गेला. त्या मशीननंच गेला." माझं डोकंच फिरलं. अरे मेल्यांनो, मशीन लावलेलं नव्हतं म्हणून गेला! आणि का लावलेलं नव्हतं ते एकदा कुणीतरी नीट सांगायला हवं.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला बांगड्यांचे गठ्ठे, खाली सतरंजी, आणि मागच्या खोलीच्या दाराला फुलाफुलांचा पडदा. गिऱ्हाईक आलं की दिलावरभाई आधी चष्मा पुसत, मग हात हातात घेत. अंगठ्याच्या मुळाशी असा काही दाब देत की हात आपोआप लोण्यासारखा मऊ पडे. माझा हात भारी ताठ. मला म्हणायचे, "वैनी, हात देताय का भांडताय? सोडा की ढिला, मी काय पळवून न्हेनार हाय व्हय?" मी म्हणायची, "तुमचा भरवसा नाही." मग जरीना आतून ओरडायची, "न्ह्या वो ताई, न्ह्या तुमीच त्यांना, मला तरी झोप मिळंल." हे असं आमचं चालायचं.

त्यांच्या धंद्यात एक शिस्त होती, वडिलांपासून आलेली. एकदा बाईचा हात हातात घेतला की दोन्ही हात भरून झाल्याशिवाय उठायचं नाही. अर्धा भरलेला हात सोडला तर त्या बाईला अपशकुन. एकदा दुकानाच्या उंबऱ्यावर साप आला. गिऱ्हाईक बाई किंचाळतेय, आम्ही सगळ्या बाया सतरंजीवर उभ्या, आणि हे शांतपणे म्हणतात, "चारच ऱ्हायल्यात." त्या चार भरल्या, मग म्हणाले, "हां, आता पळा." सापसुद्धा कंटाळून निघून गेला असेल. हसू येतं आठवलं की, आणि मग लगेच हसू नको वाटतं.

जरीना श्रीरामपूरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडीतलं काही कळत नव्हतं, सगळं नवऱ्यानं शिकवलं. पुढं पुढं तर बायका तिच्याकडेच हात द्यायच्या. मुलगा एकच, फराज. तो पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडेच राहिला. घरात ही दोघंच.

करोना येऊन गेल्यावर दिलावरभाईंना हृदयाचा झटका आला. त्यातून उठले, पण पाय सुजायला लागले, जिना चढला की धाप लागायची. आणि त्याच सुमाराला जरीना बिघडली. दुपारी दुकानात बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. एकदा मला तिनं शेजारच्या पोरीच्या मापाच्या बांगड्या चढवायला घेतल्या. हात सोलून निघाला माझा. मी म्हटलं, "जरीना, काय चाललंय तुझं? भांग घेतेस का?"

ती हसली नाही. पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, हे झोपेत मरत्यात."

मी म्हटलं, "काय अभद्र बोलतेस गं!"

"खरंच सांगते. श्वास घेत घेत थांबत्यात. मी वाट बघते. येतच न्हाई. मग मी हाताला दाबते, अंगठ्यापाशी, काकणं भरताना दाबतो ना तसं. मग घेत्यात. परत थोड्या येळानं थांबत्यात. मी झोपले तर कोन दाबनार?"

किती दिवस हे चाललंय विचारलं तर म्हणाली, "लई दिवस." बस, एवढंच. महिने न् महिने ही बाई नवऱ्याचा हात हातात धरून रात्र काढत होती आणि दिवसा दुकान सांभाळत होती, आणि भिंतीला भिंत असून मला पत्ता नाही. मला तिचा रागच आला. मी त्याच दिवशी फराजला फोन लावला आणि त्याला असा काही झापला की तो दुसऱ्या दिवशी कर्जतला हजर झाला.

नगरच्या दवाखान्यात त्यांची झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते फराजनं मला असं समजावलं: काही लोकांचा घसा झोपेत बंद होतो, ते घोरतात. अब्बांचा घसा मोकळा आहे, पण मेंदूच श्वास घ्यायचा हुकूम द्यायला विसरतो. हृदय कमजोर झालं की असं होऊ शकतं. त्यावर मशीन आहे. नाकाला मास्क, त्याला नळी. माणूस श्वास घ्यायला विसरला की मशीन हवेचा झोका आत देतं. झोपेल तेव्हा तेव्हा लावायचं, रात्री काय आणि दुपारी काय.

जरीना म्हणाली, "म्हंजे मी जे करते तेच करनार."

मशीन घरी आलं. दाढीमुळं पूर्ण तोंडाचा मास्क बसेना म्हणून नाकापुरता छोटा मास्क दिला होता. बसवायला आलेल्या पोरानं पट्टे आवळून दाखवले, बटण दाबून दाखवलं. दिलावरभाई सगळं ऐकून घेत होते, मान डोलवत होते. पोरगा गेला आणि त्यांनी मशीन उचलून कपाटाच्या मागं ठेवून दिलं.

"मी न्हाई लावनार."

कारण मला माहीत होतं. आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ करोनात गेले. दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. एका वॉर्डबॉयनं दया येऊन मोबाईलवर तोंड दाखवलं, तर तोंडाला असाच मास्क, असेच पट्टे. भाऊ काहीतरी बोलत होते, मास्कच्या आत ओठ हलत होते, पण शब्द काही कळले नाहीत. त्यानंतर घरी आली ती गुंडाळलेली मय्यत. त्या वर्षी आमच्याकडं 'बायपॅप लावलं', म्हणजे असलं मास्कचं मशीन लावलं, की 'आटोपलं' असाच अर्थ होता. कुणाच्या घरून तसा निरोप आला की लोक पुढचं विचारत नसत.

"भाईनं लावलं, भाई परत आला न्हाई," दिलावरभाई म्हणाले. "मला मराचं आसंल तर मी तोंड उघडं ठिऊन मरंन."

जरीना रडली, भांडली, जेवली नाही. फराज फोनवर ओरडला. काही उपयोग नाही. शेवटी मी गेले. म्हटलं, काढा ते धूड बाहेर. आणि मास्क घेऊन सरळ माझ्या नाकाला लावला, पट्टे डोक्यामागं ओढले, जरीनाला म्हटलं, दाब बटण. आई गं! हवेचा असा झोत आला की तोंड उघडावं तर तोंडातनं हवा भसकन बाहेर! एसटीच्या खिडकीतनं तोंड काढल्यावर होतं तसं झालं. मला बोलता येईना. आणि मला बोलता येत नाही हे बघून दिलावरभाई जे हसायला लागले, जे हसायला लागले, की त्यांना धाप लागली.

"जरीना, हे मशीन वैनीलाच दिऊन टाक," म्हणाले. "गल्लीवर उपकार हुतील."

त्या हसण्यावर पहिला दिवस निभावला. मग रोज दुपारी मी आमच्या ह्यांना जेवायला वाढून पलीकडं जायची. दिलावरभाई टीव्हीसमोर बसून मास्क लावायचे, जागेपणीच, नुसती सवय व्हावी म्हणून. आधी थोडा वेळ, मग जास्त. काढून फेकायचे. परत लावायचे. नाकावर लाल वळ उठायचे, तिथं जरीना खोबरेल लावायची. पोटात हवा भरायची आणि मग ढेकरांवर ढेकर. कधी म्हणायचे, "ह्ये मशीन माझ्यावर फुकतंय, मी काय चूल हाय का?" पण लावायचे.

मशीनच्या पोटात पाण्याचं एक भांडं होतं. मेडिकलमधून आणलेलं शुद्ध पाणी त्यात घालायचं, म्हणजे हवा ओलसर होऊन नाकात जाते. पाणी आणायचा कंटाळा म्हणून एकदा कोरडंच चालवून बघितलं, तर सकाळी नाकातनं रक्त. उशीला डाग. त्या दिवसापासून पाण्याशिवाय मशीन चालवायचं नाही हे दोघांनी पक्कं मनात घेतलं.

आणि मग एका रात्री ते मास्क लावून झोपले. सकाळी जरीना माझ्या दारात आली, केस सुटलेले, डोळे सुजलेले. मी हातातलं टाकून त्यांच्या घराकडं निघालेच. तर म्हणाली, "ताई, मी झोपले. मी झोपले वो! उठले तर उजाडलेलं!" आणि माझ्या गळ्यात पडून इतकी रडली. मीही रडले, का लपवू? नवऱ्याचा श्वास धरून बसलेली बाई इतक्या दिवसांनी झोपली होती.

त्यानंतरचे महिने फार चांगले गेले. दिलावरभाईंच्या चेहऱ्यावर तजेला आला. पायाची सूज उतरली. जरीना पुन्हा गिऱ्हाइकांशी चेष्टा करायला लागली. गोदड महाराजांच्या यात्रेत दोघांनी मिळून दुकान लावलं, मला बळेच हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून मी त्यांच्याशी भांडले.

एकच गोष्ट मला खटकायची. मशीनचं कुणाला कळता कामा नये, असं त्यांनी आम्हाला शपथेवर बजावलं होतं. दिवसा मशीनवर बांगड्यांचं रिकामं खोकं पालथं घातलेलं असे. मी म्हणायची, "काय चोरी केलीय का? लोक चष्मा लावतात, कवळी लावतात, तसं हे." ते म्हणायचे, "वैनी, तुमाला धंदा कळत न्हाई. मनियाराच्या हातानं बाया लग्नाचा चुडा भरत्यात, डव्हाळजेवनाची काकणं भरत्यात. हा गडी नाकाला नळी लावून झोपतो म्हटल्यावर कोन सुवासिनी हात देईल? म्हनतील, ह्याचंच काय खरं न्हाई." लोक तसं म्हणाले असते हे मलाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. डॉक्टर नको म्हणाले होते, फराजनंही फोनवर विनवण्या केल्या, पण दिलावरभाईंनी रोजे धरलेच. गोळ्या पहाटेच्या सहेरीला आणि संध्याकाळच्या इफ्तारीला वाटून घेतल्या. मी चिडले तर म्हणाले, "तुमी गुडघं दुखत्यात म्हनून एकादशी सोडली का? मग?" मी म्हटलं, एकादशीला मी साबुदाणा खाते, तुम्ही पाणी पण पीत नाही. ते म्हणाले, "म्हनून तर तुमचे गुडघे दुखत्यात." माणसापुढं काय डोकं फोडायचं.

आता पुढचं जे सांगते ते मला नंतर कळलं, जरीनाकडून. मला वाटत होतं सगळं नेहमीसारखं चाललंय. रात्री मास्क लावून झोपायचे, ते चालूच होतं. पण रमजानात रात्र ती केवढीशी? रात्रीच्या तरावीहच्या नमाजाहून परतायला उशीर, आणि पुन्हा सहेरीला पहाटे उठायचं. खरी झोप व्हायची ती दुपारची. आणि दुपारी रोजा असतो.

पहिल्याच रोज्याला, दुपारी मास्क हातात घेतल्यावर, दिलावरभाई थांबले. म्हणाले, "जरीना, ह्यात पानी हाय."

तिला कळेना. म्हणाले, "ह्या हवेत पानी हाय. नाकातनं घशात जानार. वाफ झाली तरी पानीच की. मंग रोजा कसा ऱ्हाईल?" ती म्हणाली, पाणी काढून लावा. तर रक्त आलं होतं ते दोघांना आठवलं. रक्त घशाखाली उतरलं तर तेही वाईट. ती म्हणाली, मौलानासाहेबांना विचारा. ते म्हणाले, विचारतो.

आणि विचारलं. कसं विचारलं? मशिदीच्या हौदापाशी, वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, चारचौघं आजूबाजूला बसलेले असताना. तिथं मशीनचं नाव कसं काढणार? म्हणून म्हणाले, "नाकातनं पानी आत गेलं आन् घशाखाली उतरलं तर रोजा जातो का वो?" मौलानासाहेब म्हणाले, "जातो. रोज्यात नाकात पाणी जपून घ्या, वर ओढू नका." त्यांनी आपलं वुजूचं समजून वुजूचं उत्तर दिलं. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण दिलावरभाई घरी येऊन म्हणाले, "जातो म्हनाले." झालं. विषय संपला.

मग दुपारी मास्क बंद. जरीना म्हणाली, काही हरकत नाही, मी आहे. महिन्याभराचा तर प्रश्न. ती पुन्हा पहिल्यासारखी शेजारी बसायला लागली, हात हातात घेऊन. ते झोपत, थांबत, ती दाबत असे. स्वतःही रोज्यात. मला एका शब्दानं बोलली नाही! अगं, मी भिंतीपलीकडं लोळत पडलेली असते दुपारभर. मी बसले नसते? पण बोलली नाही, कारण मी मौलानासाहेबांच्या घरी जाऊन भांडेन, अशी तिला भीती. आणि गेले असते मी. नक्की गेले असते.

गेल्या वर्षी पाडवा आणि ईद एकाला एक लागून आले होते. मनियाराच्या दुकानात अशा वेळी काय होतं ते बघायला हवं. मुसलमान बायका ईदच्या, आमच्या बायका पाडव्याच्या, शिवाय लग्नसराईची खरेदी. सकाळी दिलावरभाई बसायचे, दुपारी त्यांना बसवायचं नाही. मग दुपारी कोण? जरीनाच. ती पडद्याच्या पुढं दुकानात, ते पडद्याच्या मागं खाटेवर. एक गिऱ्हाईक झालं की ती आत जाऊन यायची, हात दाबायची, बाहेर यायची. "एवढंसं तर अंतर हुतं ताई," असं ती मला नंतर किती वेळा म्हणाली.

त्या दुपारी मिरजगावकडची एक पोर आली होती, पहिलटकरीण, सातवा महिना. सोबत सासू आणि नणंदा. डोहाळजेवणाची हिरवी काकणं भरायची होती. सूज आल्यामुळं पोरीचे हात भरदार झालेले, बांगडी चढेना, आणि ती घाबरट, हात मागं ओढायची. जरीनानं तिला बोलण्यात गुंतवलं, गोड बोलून एक एक बांगडी चढवत होती. डावा हात भरून झाला. तेव्हा तिच्या मनात आलं, आत जाऊन यावं. फार वेळ झाला.

पण उजवा हात रिकामा होता. गरोदर पोर, पहिलं बाळंतपण, आणि एक हात भरलेला, एक रिकामा. कसं उठायचं? जरीनाच्या सासऱ्यांची शिस्त, नवऱ्याची शिस्त. सापाला उठले नव्हते ते. ती उठली नाही. तिनं उजवा हात भरला. सगळी काकणं भरली, पोरीच्या कपाळाला हात लावून दुवा दिली, सासूशी दोन शब्द बोलली, आणि आत गेली.

मी दुपारची पडले होते. भिंतीपलीकडून जरीनाचा आवाज आला. किंचाळी नव्हे. ती त्यांना उठवत होती. "अहो. अहो. घ्या की. घ्या ना." तेच तेच. मी तशीच, पदर सावरत धावले. ती खाटेच्या कडेला बसून त्यांचा हात दाबत होती, दाबत होती, आणि दुकानात ती पोर भरल्या हातानं उभी होती, रडत. मी दिलावरभाईंच्या गालाला हात लावला. मला कळलं. जरीनाला कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी तिचा हात त्यांच्या हातातून सोडवायला गेले तर तिनं मला ढकललं. खोकं मशीनवर पालथंच होतं.

डॉक्टर येऊन म्हणाले, हृदय बंद पडलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही. हे डॉक्टर लोक सगळ्यांनाच सांगतात.

फराज रात्री पोहोचला. दफनविधी झाला. मय्यतीला केवढी माणसं! ज्या बायकांचे हात त्यांनी भरले होते त्या सगळ्या आमच्या ओट्यावर, त्यांच्या ओट्यावर, रस्त्यावर उभ्या होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या. आणि तिथंच मी पहिल्यांदा ते ऐकलं: "आत मशीन सापडलं म्हणे. त्या मशीननंच गेला." मी त्या बाईला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री जरीनानं मला सगळं सांगितलं. पाण्याचं, रोज्याचं, हौदापाशी विचारलेल्या प्रश्नाचं. मी रात्रभर तडफडत होते. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि कुणाचा धरायचा ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्यासाठीची दुवा, झाली आणि मौलानासाहेब घरी भेटायला आले. तरुण माणूस, संगमनेरकडचा, स्वच्छ मराठी बोलणारा. दुकानातल्या सतरंजीवर फराजसोबत बसले. जरीना इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही ते दिवस, म्हणून पडद्यामागं. मी तिच्याजवळ बसले होते. ते दिलावरभाईंबद्दल चांगलं चांगलं बोलत होते, आणि मला राहवेना. पडदा बाजूला करून मी बाहेर आले.

म्हटलं, "मौलानासाहेब, नाकातनं पाणी गेलं तर रोजा जातो, असं तुम्ही त्यांना सांगितलंत ना?"

ते गोंधळले. मग त्यांना आठवलं. "हो, वुजूच्या वेळी विचारलं होतं त्यांनी. का?"

फराजनं आत जाऊन खोकं उचललं आणि मशीन आणून त्यांच्यासमोर ठेवलं. पाण्याचं भांडं काढून दाखवलं. सगळं सांगितलं. मौलानासाहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले. "मला फक्त बीमारी आहे एवढं जरी बोलले असते! मी त्यांना रोजाच धरू दिला नसता. बीमाराला माफ आहे, बहेनजी. अल्लाहनं स्वतः सवलत दिलेली आहे. जीव धोक्यात घालून रोजा धरा असं कुणी सांगितलं?" ते रडायला लागले. माझा राग कुठल्या कुठं गेला. ह्या पोराला काय बोलायचं? तो तर माझ्यापेक्षा जास्त रडत होता.

मग पडद्यामागून जरीनाचा आवाज आला. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच असं सरळ, शांत बोलत होती.

"मौलानासाब, त्यांनी मशीन लावलं आसतं, तर रोजा मोडला आसता ना?"

"हो चाची. मोडला असता."

"मग मोडलेल्या रोज्याचं काय करायचं आसतं?"

मौलानासाहेबांनी डोळे पुसले. "बरा झालेला माणूस नंतर धरू शकतो. पण त्यांचं दुखणं कायमचं होतं. अशा माणसानं धरायचाच नसतो. एका रोज्यामागं एका गरिबाला जेऊ घालायचं."

"किती जनाला?"

"एकाला."

"किती येळ?"

"दोन वेळ. बस, एवढंच."

फराज मान खाली घालून बसला होता. बाहेर रस्त्यानं कुणीतरी पाडव्याच्या साखरेच्या माळा विकत चाललं होतं. मला वाटलं जरीना आता मोठ्यानं रडेल, आणि रडली असती तर बरं झालं असतं.

"आमच्याकडं रोज दोन भाकरी उरायच्या वो," जरीना म्हणाली. "मी सकाळी गाईला घालायचे."